‘चार्जिंग पॉइंट कुठे आहे?’

मंडळी, निमंत्रणपत्रिकेत माझा विषय ‘लहान शिडाच्या बोटींवरील विद्युत-व्यवस्थापन’ असा छापलाय. घाबरू नका, एवढा भारदस्त काही नाही. बोटीच्या केबिनमध्ये फोन चार्ज करायची सोय करायची तर कशी करायची, एवढंच सांगायचंय. आत्ता पावसाळा आहे, आपल्या बहुतेकांच्या बोटी पाण्याबाहेर ताडपत्रीखाली आहेत, आणि बोटीत भोकं पाडायची हौस माणसाला याच चार महिन्यांत येते. म्हणून मीच आयोजकांना म्हटलं, दिवाळीनंतर नको, आत्ता बोलतो.

पाहुणे बोटीवर येतात तेव्हा काय विचारतात, हे तुम्ही सगळे जाणता. लाइफ जॅकेट कुठे आहे, असं मला आजवर एकानेही विचारलेलं नाही. संडास कुठे आहे, हे विचारतात, पण मांडवा आल्यावर. पहिला प्रश्न गेटवेच्या पायऱ्यांवरून लहान होडीत बसतानाच येतो: “चार्जिंग पॉइंट कुठे आहे?” अजून बोट दिसायचीय! दर्यावर्दी अभिलाष टॉमींचं बरं होतं. २०२२ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीचा नियमच असा की १९६८ च्या पहिल्या शर्यतीत होती तशीच साधनं वापरायची. जीपीएस नाही, सेक्स्टंट घ्या आणि सूर्य मोजा. सुकाणू धरायला विजेचा ऑटोपायलट नाही, वाऱ्यावर चालणारी पंख्याची यंत्रणा. एकट्याने जगप्रदक्षिणा केली, दुसरे आले. पण त्यांच्या केबिनमध्ये पाहुणे नव्हते, हे लक्षात घ्या.

आता माझी तक्रार. चार्जिंग पॉइंट लावणं हे लोकांना सुतारकाम वाटतं. प्लायवूडला सव्वा इंचाचं भोक, सॉकेट बसवा, मागून जवळात जवळची जी वायर मिळेल ती सोला आणि गुंडाळा. जवळात जवळची वायर म्हणजे कायम केबिनच्या दिव्याची. आमच्या एका मित्राच्या बोटीवर हेच झालं होतं. मित्राचं नाव सांगत नाही, ते तिसऱ्या रांगेत बसलेत. काम करणारा कारागीर हुशार होता, हात साफ होता, सॉकेटभोवतीचं पॉलिशसुद्धा बघण्यासारखं. चार सॉकेट बसवली, त्यातलं एक पुढच्या केबिनमध्ये, डाव्या बंकच्या, म्हणजे झोपायच्या फळीच्या, उशाशी. निळा दिवा, व्होल्टचे आकडे, सगळं झकपक.

आम्ही गोव्याला निघालो होतो. मतलई वाऱ्याचे दिवस. रात्री जमिनीवरून वारा येतो, बोट किनाऱ्याला समांतर छान पळते, पहाटे वारा पडतो, मग दुपारपर्यंत खाऱ्या, म्हणजे समुद्रावरून येणाऱ्या, वाऱ्याची वाट बघायची. जयगडचं दीपगृह मागे पडलं होतं. दक्षिणेकडे चाललो होतो, म्हणजे किनारा डावीकडे, वाराही डावीकडून. ऑटोपायलटला १७० अंश दिले होते. पडद्यावर १७० दिसत होतं. मालक चहा घेऊन वर आले, मी कप हातात घेतला आणि पुढचं शीड फडफडायला लागलं.

मालक म्हणाले, “वारा पुढे सरकला.” त्यांनी शिडाचा दोर ओढून घेतला. पाच मिनिटं बरी गेली, पुन्हा फडफड. पुन्हा ओढला. आमच्याबरोबर अलिबागकडचा एक बोटमन होता. त्याचे वडील आणि आजोबा मच्छीमारीच्या होडीवर तांडेल, म्हणजे कप्तान. तो डोलकाठीला टेकून बिडी ओढत होता. त्याने मान वळवून एकदा किनाऱ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “साहेब, वारा हाय तिथंच हाय. बोट फिरली.”

मालकांनी पडद्याकडे बोट दाखवलं. १७०. बोटमनने पडद्याकडे बघितलंही नाही. “मंग ते दिवं मोठं का व्हायला लागलं?”

खरंच, किनाऱ्यावरचे दिवे मघापेक्षा जवळ आले होते. सुकाणूसमोरचा साधा होकायंत्राचा गोळा बघितला तर १४५. पंचवीस अंशांचा फरक! ऑटोपायलट प्रामाणिकपणे १७० धरून होता, फक्त त्याचं १७० चुकलं होतं. आपण पडद्यावरच्या आकड्यावर किती विसावतो बघा. जीपीएसचा पडदा शेजारीच होता, त्यावर बोटीचा खरा मार्ग दिसत होता, आणि तिकडे कोणीच बघत नव्हतं. मी तर व्याख्यानं देणारा माणूस, मीही चहा पीत होतो.

आता तुम्हाला कळलंच असेल. ऑटोपायलट स्वतःचं होकायंत्र स्वतः बाळगतो. मुठीएवढं विद्युत होकायंत्र असतं, ते इंजिनापासून आणि लोखंडापासून लांब, बोटीत खाली बसवतात. या बोटीवर ते कुठे होतं? पुढच्या केबिनमध्ये, डाव्या बंकखालच्या कप्प्यात. आणि बंकवर काय होतं? मालकांच्या भाच्याचा फोन, चुंबकाने चिकटणारी पॉवर बँक आणि नारळाएवढा ब्लूटूथ स्पीकर. तिघंही चार्जिंगला. स्पीकरमध्ये केवढं चुंबक असतं, माहितीये ना? पोरगं शांत झोपलेलं. त्याला उठवून स्पीकर उचलला, आणि पाच सेकंदांत बोट स्वतःहून उजवीकडे वळली. तो म्हणाला, “पण मी कशाला हातच लावला नव्हता.” बरोबर आहे त्याचं. त्याने बंकच्या खाली कशालाच हात लावला नव्हता.

मी त्या पोराला दोष देत नाही. कारागिराने भोक पाडलं सव्वा इंचाचं, पण जागा ठरवली दीड फुटाची. सॉकेट जिथे असेल तिथे फोन येणार, पॉवर बँक येणार, हेडफोन, स्पीकर, कोणाचं तरी फोनला चुंबकाने चिकटणारं मॅगसेफचं पाकीट, सगळं येणार. सॉकेटची जागा ठरवताना सॉकेट बघायचं नसतं, त्याच्याभोवती काय जमेल ते बघायचं असतं. होकायंत्र कोणतंही असो, सुकाणूसमोरचं किंवा बंकखालचं, त्याच्यापासून निदान एक मीटर लांब. आणि भिंतीच्या पलीकडे काय आहे हेही बघा, चुंबकाला प्लायवूड दिसत नाही. कप्पा उघडायचा, हात घालायचा, मग ड्रिल हातात घ्यायचं.

जाता जाता बोटमनचं एक सांगतो. पहाटे मी त्याला विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, वारा डाव्या कानावर होता, तो नाकावर आला. मी पुढच्या आठवड्यात भर दुपारी घराच्या गच्चीवर उभा राहून सराव केला. बायकोने विचारलं काय करताय. सांगितलं. तिने डॉक्टरांचा नंबर काढला.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अहो, आत्ता कुठे विषय सुरू होतोय! बरं. आता भराभर. लिहून घेणाऱ्यांनी लिहून घ्या.

आधी भूक मोजा. ५,००० एमएएचचा फोन म्हणजे साधारण १९ वॉट-तास. चार्जरची घट धरून बोटीच्या बॅटरीतून २५ जातात, म्हणजे १२ व्होल्टवर दोन अँपिअर-तास. सहा माणसांचे सहा फोन, रोज १२. लॅपटॉपला सहाएक. आपल्या हवेत फ्रीज दिवसाला तीस-चाळीस सहज खातो, तेव्हा फोनांनी बॅटरी संपवली असं ओरडू नका. २०० अँपिअर-तासांची लेड-अॅसिड बॅटरी असेल तर त्यातले निम्मे आपले समजा. दिवसाची भूक हा प्रश्नच नाही. प्रश्न एका वेळी लागणाऱ्या प्रवाहाचा आहे.

जुनं यूएसबी सॉकेट पाच व्होल्टला दोन-सव्वादोन अँपिअर द्यायचं, म्हणजे दहा-बारा वॉट. बॅटरीकडून जेमतेम एक अँपिअर. ते दिव्याच्या वायरवर खपून जायचं. आता टाइप-सी पीडी, म्हणजे ‘पॉवर डिलिव्हरी’चं जलद चार्जिंग, आलं. ते फोनशी बोलून ९, १५, २० व्होल्टपर्यंत चढतं आणि ६० वॉट देतं, काही १०० देतात. ६० वॉट म्हणजे बॅटरीकडून साडेपाच अँपिअर. अशी चार लावली आणि चौघांनी रात्री जेवणानंतर लॅपटॉप लावले, तर २२. आणि दिव्याची वायर असते एक स्क्वेअर मिलिमीटरची. कोणीतरी म्हणेल, आम्ही दिवे एलईडी केले, त्या वायरवर आता जागा आहे. आहे, एखाद्या जुन्या यूएसबीपुरती. पीडीपुरती नाही. मग फ्यूज उडतो, मग कोणीतरी मोठा फ्यूज घालतो. फ्यूज फोनला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. मोठा घातला की वायरच फ्यूज होते, आणि ती तुमच्या गादीमागून गेलेली असते.

म्हणून माझं एकच मागणं आहे. चार्जिंगची वायर विजेच्या पॅनेलपासून स्वतंत्र ओढा. तिचा फ्यूज वेगळा, तिचा स्विच वेगळा, आणि स्विच चार्ट टेबलापाशी, कप्तानाच्या हाताशी.

जाडी किती? पॅनेलपासून पुढची केबिन सहा मीटर धरा, जाऊन-येऊन बारा. परतीची वायर मोजायला लोक विसरतात. दोन पीडी सॉकेट, ११ अँपिअर. २.५ स्क्वेअर मिलिमीटरला जवळजवळ एक व्होल्ट वाटेत पडतो, आठ टक्के. चार स्क्वेअरला ०.६ व्होल्ट, पाच टक्के. अशा कामाला दहा टक्क्यांपर्यंत चालतं म्हणतात, पण मी चार घालीन, कारण हे सॉकेट हट्टी आहे. त्याला वॉट ठरावीक हवेत, व्होल्ट कमी मिळाले तर ते अँपिअर जास्त ओढतं, मग आणखी व्होल्ट पडतात. पहाटे बॅटरी बारा व्होल्टच्या खाली गेली की हे दिसतं. या वायरला फ्यूज १५ चा. आणि पॅनेलकडे येणाऱ्या मुख्य वायरला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज आहे ना, हे या निमित्ताने बघून घ्या. अमेरिकन नियम सात इंच म्हणतो, त्याला अपवाद आहेत, पण सात इंच लक्षात राहतात.

वायर कथिलाचा मुलामा असलेली, बारीक तारांची. मुंबईच्या लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, मागितली तर ‘मरीन ग्रेड’ म्हणून घराची वायरही गळ्यात मारतील, टोक सोलून बघा, आतून चंदेरी दिसली पाहिजे. टोकांना लग, म्हणजे धातूची टोकं, दाबून बसवायचे, वर डिंकवाली हीट-श्रिंक, तापवली की आवळते ती नळी. टेप नको. खाऱ्या हवेत टेप दोन हंगामांत चिकट काळा लगदा होतो. प्लस-मायनस एकमेकांभोवती वेणीसारख्या पिळून न्या, म्हणजे त्यांचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांना मारतं. सॉकेट हॅचखाली, म्हणजे छताच्या झडपेखाली, नको, जिन्याच्या बाजूला नको. रबरी टोपणावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असतं ते टोपण बंद असेपर्यंत, आणि चार्जिंग करताना टोपण उघडंच असतं. उशीजवळ लावलंत तर शेजारी फोन ठेवायला उघडा, हवेशीर कप्पा करा. गादीखाली चार्ज होणारा फोन मला बोटीवर नको.

सिगारेट लायटरचं गोल सॉकेट? लाटेत पिन हलते, सैल होते, तापते. मी काढून टाकतो.

रेडिओचं राहिलं, ते महत्त्वाचं. स्वस्त चार्जर व्हीएचएफवर, म्हणजे बोटीच्या रेडिओवर, खरखर सोडतात. संकटात हाक मारायचा १६ नंबरचा चॅनल १५६.८ मेगाहर्ट्झला, एआयएस, म्हणजे जहाजं एकमेकांना आपली जागा कळवतात ती यंत्रणा, १६२ च्या आसपास, दोन्ही याच कचाट्यात सापडतात. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कोस्ट गार्डने एलईडी दिव्यांबद्दल हाच इशारा दिला होता, आणि चार्जरच्या पोटातही तसलंच सर्किट असतं. तपासायची रीत सोपी आहे. शांत चॅनल लावा, स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबायचं बटण, ती जेमतेम थांबेपर्यंत फिरवा, मग चार्जरला फोन लावा. खरखर परत आली की ते सॉकेट दुकानात परत. फोन लावूनच तपासा, रिकामं सॉकेट निष्पाप असतं.

रिकाम्या सॉकेटचा गुन्हा दुसरा आहे. तो निळा दिवा. एकेक सॉकेट दहा मिलिअँपिअर पीत बसतं. चारांचे चाळीस, दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-तास, पावसाळ्याच्या चार महिन्यांत ११५ च्या घरात. ताडपत्रीखाली कोणी नाही, फोन नाही, आणि ऑक्टोबरात बॅटरी मेलेली. तिसऱ्या रांगेतले गृहस्थ मान हलवतायत. म्हणून तो स्विच.

हो, हो, उठतोच. एवढं सांगून उठतो, नाहीतर चहाच्या वेळी मला गाठाल. इन्व्हर्टर लावून घरच्यासारखे २३० व्होल्टचे प्लग करावेत का? फोनसाठी, लॅपटॉपसाठी नाही. १२ चे २३० करायचे आणि त्याचे परत पाच किंवा वीस करायचे, घट दोनदा. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी खातो. आणि ओल्या केबिनमध्ये २३० व्होल्ट आले की इलेक्ट्रिशियनही वेगळ्या तयारीचा लागतो. मिक्सर हवाच असेल तर सांगा, त्यासाठी मी पुन्हा येईन. मात्र मला दीड तास द्या, आणि चिठ्ठी पाठवू नका.