‘येत्या रविवारी’ म्हणजे कधी?

नमस्कार मंडळी. रविवारची दुपार, त्यात जेवणं झालेली, आणि तरी वेबसाइटवर कसं लिहावं ते ऐकायला तुम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारातला हा दोन मजल्यांचा जिना चढून आलात. तेव्हा प्रस्तावनेत वेळ घालवत नाही, थेट माझ्या फजितीपासून सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी आपल्याच गावातल्या एका मंडळाची वेबसाइट मी हौसेनं लिहून दिली होती. नाट्यसंगीताची मैफल होती. मी झोकात लिहिलं, ‘येत्या रविवारी सायंकाळी सहा वाजता. रसिकांनी सहकुटुंब अगत्य यावे.’ मैफल छान झाली, सगळे घरी गेले, पान मात्र तिथेच राहिलं. पुढच्या फेब्रुवारीत एका रविवारी संध्याकाळी मला फोन आला. भरूचहून एक कुटुंब आलं होतं, बरोबर ऐंशीच्या घरातले आजोबा. सभागृहाला कुलूप. खाली नंबर माझाच दिलेला. मी शंभरदा माफी मागितली. आजोबांनी फोन हातात घेतला आणि शांतपणे विचारलं, ‘मग पुढच्या रविवारी आहे का?’ (हशा)

हसा, पण तुमच्यापैकी निम्म्यांच्या पानावर आत्ता ‘लवकरच सुरू होत आहे’ असं लिहिलेलं असेल. कागदी जाहिरात पावसात भिजते, फाटते, तिच्यावर दुसरी चिकटते. तिचं वय दिसतं. वेबसाइटवरचं पान कधी पिवळं पडत नाही. म्हणून तारीख लिहायची ती सालासकट, आणि कार्यक्रम संपला की दुसऱ्या दिवशी ‘झाला’ असं लिहायचं. वर्तमानपत्रात ‘काल’, ‘आज’ चालतं, कारण वर तारीख छापलेली असते. तुमच्या पानावर माणूस कुठल्या दिवशी येऊन उभा राहील, ते तुमच्या हातात नाही.

आणि तो वाचायला येत नाही, हे मनाला लावून घेऊ नका. वेबसाइट लोकांना वापरायला सोप्या कशा होतील याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी १९९७ साली लोक वेबवर कसं वाचतात ते तपासलं. त्यांच्या पाहणीतले ७९ टक्के लोक नवीन पानावर नुसती नजर फिरवत होते, शब्दन् शब्द वाचणारे होते १६ टक्के. पुढे २००६ मध्ये २३२ जणांच्या नजरेचा माग यंत्रानं काढला, तर नजर वरच्या ओळीवरून आडवी जाते, थोडी खाली येऊन पुन्हा आडवी, आणि मग डाव्या कडेनं घसरत खाली. इंग्रजी एफ अक्षरासारखी. म्हणजे तुमचं सगळ्यात मोलाचं वाक्य पाचव्या परिच्छेदाच्या शेवटी असेल, तर ते तुम्ही आणि तुमच्या घरच्यांनीच वाचलंय.

हे सगळं इंग्रजी पानांवरचं. आपल्या लिपीची एक गंमत मला फार उशिरा कळली. इंग्रजीत विशेषनामाचं पहिलं अक्षर मोठं असतं, भरभर पाहतानाही नजर तिथे अडते. देवनागरीत ती सोय नाही. वर शिरोरेषा, सगळे शब्द दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे एका उंचीवर. पण आकड्यांना शिरोरेषा नसते! ‘पाचशे ग्रॅम’ ओळीत बुडून जातं, ‘५०० ग्रॅम’ उठून दिसतं. दर, वेळ, वजन, तारीख हे सगळं आकड्यात लिहा. आणि मधले मथळे इंग्रजीपेक्षा जास्त द्या.

आता एक पान जवळून पाहू. इथेच बसलेल्या एका वहिनींचं आहे, त्यांच्या परवानगीनं सांगतो. त्या घरून लीलो चेवडो, म्हणजे आपला ओला चिवडा, करून बाहेरगावी पाठवतात. पान होतं असं: ‘स्वाद आणि परंपरा यांचा सुरेख संगम साधत, ग्राहकांच्या सेवेत सदैव तत्पर असलेल्या आमच्या गृहउद्योगात आपले सहर्ष स्वागत!’ यातला ‘स्वाद’ काढून ‘विश्वास’ घाला, विमा एजंटलाही चालेल. जे वाक्य कुणालाही चालतं ते तुमचं नव्हे.

मी म्हटलं, वहिनी, हे बाजूला ठेवा. फोनवर लोक काय विचारतात ते सांगा. त्यांनी व्हॉट्सअॅप उघडलं. पुण्याच्या एक बाई: ‘ओला चिवडा म्हणजे किती ओला? कुरियरमध्ये खराब होणार नाही ना?’ दुसऱ्या: ‘लसूण आहे का?’ आणि सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, ‘बटाट्याचा आहे म्हणजे उपासाला चालेल ना?’ आपल्या बडोदेकराला हा प्रश्न पडणारच नाही, कारण त्यात हरभऱ्याची डाळ असते हे त्याला लहानपणापासून ठाऊक. पुण्याच्या बाईंना बटाटा दिसला की बटाट्याच्या किसाचा उपासाचा चिवडा आठवतो. पान आपण बडोद्यात बसून लिहितो, पण बडोदेकर चिवडा घ्यायला कोपऱ्यावर जातो. तुमचं पान वाचते ती पुण्याची बाई.

मग पान असं झालं: ‘लीलो चेवडो. बटाट्याचा कीस आणि हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची, चव आंबटगोड. कुरकुरीत नाही हो, दाताखाली मऊ लागतो. डाळ आहे, म्हणून उपासाला चालत नाही. लसूण नाही. केल्यापासून ८ दिवस टिकतो. पुण्या-मुंबईला सोमवारी आणि गुरुवारी पाठवतो.’ त्याखाली वजन, दर आणि फोन.

वहिनी जरा हिरमुसल्या. म्हणाल्या, ‘एवढंच? यात भाषा कुठाय?’ मी म्हटलं, ‘कुरकुरीत नाही हो’ हे वाक्य कुणाचं? त्यांचंच होतं, फोनवर बोलता बोलता म्हणाल्या होत्या. मी फक्त ‘हो’ खोडला नाही. आपण बोलतो छान, आणि लिहायला बसलो की अंगात आभारप्रदर्शन संचारतं.

आता सापडण्याविषयी. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत तुमच्यापैकी कितीजण गेलेत? हात वर करा. बरं, काचेची जमीन आठवते ना? सयाजीराव महाराजांनी १९१० साली ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेतून इथे आणलं आणि राज्यभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. मला जुन्या ग्रंथालयांतले कार्डांचे खण आठवतात. पुस्तक एक, पण कार्डं तीन: लेखकाच्या नावाचं, पुस्तकाच्या नावाचं, विषयाचं. कारण वाचक कुठल्या दारानं येईल ते ग्रंथपालाला माहीत नसतं.

आपल्या गावाचंच बघा. घरात आपण बडोदा म्हणतो, जुनी माणसं बडोदे लिहितात, सरकारी कागदावर वडोदरा. शोधणारा यातलं काहीही टाइप करील. म्हणून पहिल्या परिच्छेदात एकदा ‘बडोदा (वडोदरा)’ असं लिहून टाका, झालं. पानाच्या मथळ्यात ‘मुख्यपृष्ठ’ लिहू नका, शोधात तोच मथळा दिसतो. ‘मुख्यपृष्ठ’ शोधत कोण येतं? उलट टोकाला जाऊन ‘बडोद्यातील बडोद्याचा प्रसिद्ध बडोदा चिवडा’ असंही नको. ते वाचताना माणसाला ठसका लागतो, आणि सर्च इंजिनांनाही ही युक्ती केव्हाच कळलेली आहे.

एक बारीक गोष्ट, पण हिनं मला दोन दिवस छळलं होतं. ‘पुऱ्या’, ‘हरभऱ्याची’, ‘कोपऱ्यावर’ यांतला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत खाली नुक्ता असलेला ऱ वापरतात, दुसरीत साधा र आणि त्याला न दिसणारी जोडखूण. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण कॉम्प्युटरच्या लेखी ती वेगळी अक्षरं, त्यामुळे पानात ‘शोधा’ म्हटलं की समोर शब्द दिसत असून तो म्हणतो, सापडला नाही. दोघांनी मिळून वेबसाइट लिहीत असाल तर एकच कीबोर्ड ठरवा.

‘अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा’ हे तेवढं सोडून द्या, कृपा करून. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही ती माणसं फोनकडून पान वाचून घेतात, आणि पुष्कळदा एका लिंकवरून दुसरीवर उड्या मारत जातात. त्यांना काय ऐकू येतं? ‘येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा.’ त्याऐवजी लिंकवरच ‘दरपत्रक’ लिहा, ‘यायचा रस्ता’ लिहा.

शुद्धलेखनाचं मला नेहमी विचारतात. करा, जरूर करा. पण ‘संकेतस्थळ’ म्हणायचं की ‘वेबसाइट’ यावर कमिटी नेमू नका. गिऱ्हाईक जे म्हणतं ते लिहा.

बरं, आता पुरे माझं. खुर्चीवर ठेवलेला कोरा कागद घ्या. फोन उघडा आणि गेल्या आठवड्यात गिऱ्हाइकांनी, पालकांनी, सभासदांनी तुम्हाला विचारलेले पाच प्रश्न उतरवून काढा. त्यांच्याच शब्दांत, सुधारायचे नाहीत. मग प्रत्येकाखाली एका ओळीत उत्तर. वीस मिनिटं आहेत, तोवर चहा येतोय. आणि काका, कोपऱ्यावर आजची तारीख घालताय ना? साल राहिलं.