समुद्राने सोडलेली जमीन

(दृश्य : ओहोटीचा किनारा. वाळूच्या टेकड्या. वाऱ्याने एका बाजूला लवलेलं गवत.)

समुद्र मागे हटला आणि वाळू तशीच राहिली. वाऱ्याने तिच्या टेकड्या रचल्या, टेकड्यांवर हळूहळू बारीक, चिवट गवताने मूळ धरलं. नांगर घालावा तर हाती काही लागायचं नाही. आपल्याकडे कोकणात पुळण संपून माडाच्या बागा सुरू होईपर्यंत जो उंचसखल, रेताड पट्टा लागतो ना, तशीच ही जमीन. स्कॉटलंडमध्ये तिला लिंक्स म्हणतात. शेताच्या कामाची नव्हती, म्हणून ती बऱ्याच ठिकाणी गावाची राहिली. तिथे मेंढ्या चरायच्या, ससे बिळं करायचे. त्या गायरानावर लोक काठीने चेंडू टोलवत फिरू लागले. हा नाद इतका वाढला की १४५७ साली राजा दुसरा जेम्स याच्या कारकिर्दीत संसदेने गोल्फवर बंदी घातली. लोकांनी धनुष्यबाणाचा सराव सोडला होता.

गोल्फच्या मैदानात अठरा होल असतात. टी, म्हणजे सुरुवातीची जागा, तिथून पहिला फटका, मग फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचा पट्टा, मग ग्रीन, म्हणजे बारीक कापलेली हिरवळ, आणि तिच्यावरचा तो छोटा खळगा. टीपासून खळग्यापर्यंतचा हा सगळा टप्पा म्हणजे एक होल. कुशल खेळाडूला जितके फटके लागावेत, तो त्या होलचा पार. एवढं माहीत असलं की पुरे. कारण आज आपण धावफलक पाहायला आलेलो नाही, जमीन पाहायला आलो आहोत.

(दृश्य : प्रेस्टविक. रेल्वेमार्गाला लागून असलेली दगडी भिंत.)

पश्चिम किनाऱ्यावरचं प्रेस्टविक. १७ ऑक्टोबर १८६० रोजी आठ व्यावसायिक खेळाडू इथे जमले. तेव्हा मैदान बारा होलचं होतं आणि एकाच दिवसात तीन फेऱ्या खेळायच्या होत्या. मसलबरोचा विली पार्क १७४ फटक्यांत जिंकला. रोख बक्षीस नव्हतं, मिळाला तो लाल मोरोक्को चामड्याचा पट्टा. जगभरचे गोल्फर आज जी जिंकण्यासाठी आयुष्य पणाला लावतात, ती ओपन स्पर्धा इथे अशी सुरू झाली.

त्या दिवशी जे दुसरं होल होतं, ते आज सतरावं आहे. नाव आल्प्स. पहिला फटका मारून तुम्ही चेंडूपाशी पोचता आणि समोर पाहता, तर नुसती टेकडी. ग्रीन नाही, झेंडा नाही. पलीकडे काय आहे ते फक्त ऐकून माहीत, आणि जे ऐकलेलं असतं ते धीर देणारं नसतं. टेकडी उतरताच सहारा नावाचा प्रचंड बंकर पसरलेला आहे. वाळूच्या ज्या खळग्यात चेंडू अडकतो, तो बंकर. टेकडीवरून अंदाजाने फटका मारायचा आणि धापा टाकत वर चढून जायचं. वर पोचल्यावरच कळतं, नशिबात काय वाढून ठेवलं होतं.

(ध्वनी : घंटेचा एक टोल.)

ही घंटा त्यासाठीच. खेळून झालं की वाजवायची, म्हणजे टेकडीअलीकडच्यांना कळतं की वाट मोकळी झाली.

अशा आंधळ्या होलना आता पुष्कळ जण नावं ठेवतात. न दिसणाऱ्या जागी फटका मारायला लावणं हा अन्याय आहे, म्हणतात. मला हे पटत नाही. टेकडी आधी होती, खेळ नंतर आला. तेव्हाच्या लोकांनी टेकडी खणून काढली नाही, तिच्याशी जुळवून घेतलं. या होलची सगळी गंमत त्या जुळवून घेण्यात आहे.

या मैदानाची राखण टॉम मॉरिस करायचा. त्याचा मुलगाही टॉमच. १८७० च्या ओपनमध्ये पहिलं होल ५७८ यार्डांचं होतं. धाकट्या टॉमने लाकडी दांड्याच्या काठ्यांनी ते तीन फटक्यांत संपवलं. क्रिकेटच्या सव्वीस खेळपट्ट्या टोकाला टोक लावून ठेवल्या तर होईल एवढं ते अंतर. त्याने सलग तिसऱ्यांदा ओपन जिंकली आणि तो पट्टा कायमचा त्याचा झाला. १८७५ साली सप्टेंबरात त्याची बायको बाळंतपणात गेली आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी तोही गेला. वय चोवीस.

(दृश्य : ट्रून. उंच टीवरून खाली दिसणारं इवलंसं ग्रीन. मागे समुद्र.)

प्रेस्टविकच्या शेजारीच ट्रून. इथलं आठवं होल म्हणजे पोस्टेज स्टॅम्प, टपालाचं तिकीट. लांबी अवघी १२३ यार्ड. ओपन ज्या मैदानांवर फिरते, त्यांतलं सर्वांत छोटं होल. विली पार्कचाच मुलगा, धाकटा विली पार्क, या ग्रीनबद्दल लिहिताना म्हणाला होता की ते टपालाच्या तिकिटाएवढं तासून काढलंय. ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

वरच्या टीवरून पाहिलं तर वाटतं, यात काय मोठंसं! पण ग्रीन अरुंद आहे, डाव्या अंगाला वाळूची टेकडी आणि भोवती पाच बंकर. एकाचं नाव शवपेटी. समुद्राकडून वारा वळला की हवेतला चेंडू जणू कुणी हाताने बाजूला सारतं.

१९५० साली हर्मान टिसीस या जर्मन हौशी खेळाडूला इथे पंधरा फटके लागले. एका बंकरमधून निघायचं आणि पलीकडच्या बंकरमध्ये पडायचं, मग तिथून परत. ग्रीनवर चेंडू टेकला तेव्हा मात्र पटरच्या, म्हणजे चेंडू घरंगळवायच्या काठीच्या, एका फटक्यात आत गेला.

आणि १९७३ साली जीन सॅराझेन आला. वय ७१. पन्नास वर्षांपूर्वी, १९२३ मध्ये, तो तरुण विजेता म्हणून अमेरिकेतून इथल्या ओपनसाठी आला होता आणि पात्रता फेरीतच बाद झाला होता. आता म्हातारपणी पुन्हा त्याच टीवर. त्याने पाच नंबरचं आयर्न, म्हणजे लोखंडी टोकाची काठी, उचललं. चेंडू ग्रीनवर पडला, घरंगळला आणि थेट खळग्यात. एका फटक्यात होल! दुसऱ्या दिवशी चेंडू बंकरमध्ये गेला, तर वाळूतून मारलेला फटकाही सरळ आत. दोन दिवस, तीन फटके. या होलवर त्याला पटर हातात घ्यावाच लागला नाही. गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी मला दर वेळी तितकाच आनंद होतो.

(दृश्य : पूर्व किनारा. नॉर्थ बेरिक. समुद्रात पांढराशुभ्र बास रॉक.)

देश ओलांडून पूर्वेला आलो की नॉर्थ बेरिक. समोरचा खडक पांढरा दिसतो तो गॅनेट पक्ष्यांच्या दाटीमुळे. इथलं पंधरावं होल रेडान. क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोलला याच नावाची तटबंदी होती. ग्रीन तिरकं आहे आणि खेळणाऱ्यापासून दूर उतरतं, म्हणून झेंड्यावर नेम धरला तर चेंडू पलीकडे निसटतो. उजव्या खांद्यावर चेंडू टाकायचा आणि पुढचं काम उतारावर सोपवायचं. ही युक्ती इतकी आवडली की अमेरिकेत तिच्या कितीतरी नकला झाल्या. तिथे माती टाकून उतार बनवावा लागला, इथे तो आयता होता.

(दृश्य : सेंट अँड्र्यूज. राखाडी दगडी घरं, मैदानाला लागून रस्ता.)

शेवटी सेंट अँड्र्यूज. इथलं ओल्ड कोर्स खरोखर गावाच्या अंगणात आहे. १५५२ च्या सनदेत आर्चबिशपला इथे ससे पाळायची मुभा मिळाली, पण लोकांचा खेळण्याचा हक्क शाबूत राहिला. पूर्वी इथे फेरीत बावीस होल खेळायचे. १७६४ साली काही होल जोडली गेली, अठरा उरली आणि पुढे जगाने तोच आकडा धरला.

सतरावं, म्हणजे रोड होल. ४९५ यार्ड, पार चार. पहिलाच फटका हॉटेलच्या आवारातल्या शेडवरून मारायचा. रेल्वेची जुनी कोळशाची शेड होती, तिच्याच आकाराची ही. मग लांबट, अरुंद, तिरकं ग्रीन. त्याच्या पोटात घुसलेला रोड बंकर आणि पाठीला रस्ता व दगडी भिंत. रस्त्यावर पडलेला चेंडू रस्त्यावरूनच मारायचा, सवलत नाही.

(दृश्य : रोड बंकरची भिंत, अगदी जवळून.)

ही भिंत पाहा. गवताची सोललेली ढेपळं विटांसारखी एकावर एक रचली आहेत. थरांच्या फटींतून वाळकी मुळं बाहेर आली आहेत. ऊनपावसाने ती झिजते, ढासळते, आणि काही वर्षांनी माणसं पुन्हा हाताने रचतात. तळाशी उभं राहिलं की ग्रीन दिसत नाही, फक्त आभाळ.

१९७८ साली जपानचा त्सुनेयुकी नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर पोचला होता. पटरने हलकेच मारलेला चेंडू उताराने वळला आणि या बंकरमध्ये पडला. बाहेर यायला चार फटके लागले, होलवर एकूण नऊ. हातातोंडाशी आलेला घास गेला. १९८४ मध्ये टॉम वॉटसन ओपनमधल्या सहाव्या विजयाच्या, हॅरी वार्डनच्या विक्रमाच्या उंबरठ्यावर होता. त्याचा फटका ग्रीन ओलांडून भिंतीजवळ गेला. तो तिथे वाट शोधत असताना पुढच्या होलवर त्याचा प्रतिस्पर्धी सेव्हे बॅलेस्टेरोस मुठी आवळून नाचत होता. आणि २०१० मध्ये मिगेल आंखेल हिमेनेझचा चेंडू भिंतीच्या इतका जवळ थांबला की ग्रीनच्या दिशेने काठी फिरवायला जागाच नव्हती. तो भिंतीकडे वळला आणि चेंडू तिच्यावरच हाणला. चेंडू उलटा उसळून ग्रीनवर आला!

अठरावं होल त्या मानाने सोपं. फक्त ग्रीनच्या तोंडाशी एक खोलगट उतार आहे, व्हॅली ऑफ सिन. १९९५ मध्ये कोस्तान्तिनो रोक्काने त्या खळग्यातून, साठ फुटांहून दूरवरून, पटरने चेंडू आत घातला आणि जमिनीवर पालथा पडून रडला. बरोबरी झाली, पण पुढे जादा होलमध्ये तो जॉन डेलीकडून हरला. याच ग्रीनवर १९७० मध्ये डग सँडर्सचा जेमतेम तीन फुटांचा फटका चुकला आणि ओपन निसटली.

(दृश्य : रविवार सकाळ. मैदानावर गावकरी.)

आज रविवार. मोठी स्पर्धा नसली की रविवारी ओल्ड कोर्सवर गोल्फ नसतं, गायरान गावाला परत मिळतं. बाबागाड्या येतात, कुत्री येतात. स्विल्कन ओढ्यावरच्या दगडी पुलावर दोघं जण फोटो काढताहेत. रोड बंकरच्या काठाशी एक आजोबा थांबले आहेत. त्यांचं कुत्रं खाली वाकून वाळू हुंगतं, आणि निघून जातं. पलीकडे एक मुलगी व्हॅली ऑफ सिनमध्ये धावत उतरते, तशीच धावत वर चढते, आणि आईला हाक मारून पुन्हा खाली पळते.