काठी घेण्याआधी काठीवरचं वाचा

नमस्कार मंडळी. आज जरा पाण्याकाठच्या गप्पा मारूया, म्हणजे बसलोय मी स्टुडिओतच, पण मन आपलं पाण्याच्या कडेलाच असतं त्याला काय करणार. विषय आहे फिशिंग रॉड. गळाची काठी म्हणा हवं तर. कोणती घ्यावी, किती पैसे घालावेत आणि मुख्य म्हणजे कुठे घालू नयेत.

माझा पहिला रॉड मी कसा घेतला ते आधी सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल की हा माणूस सल्ला देतोय तो चुका करून देतोय. दुकानात गेलो, चार रॉड हातात घेऊन हलवले, आणि त्यातला सगळ्यात जाड, सगळ्यात दणकट दिसला तो उचलला. विचार साधा, मोठा मासा लागला तर मोडायला नको. आता मोठा मासा कुठेय, लागलाय कोणाला, बाजारात तुरी न् भट भटणीला मारी अशातली गत. पाण्यावर गेलो, ५ ग्रॅमचा छोटा चकचकीत स्पून, म्हणजे चमच्यासारखं धातूचं खोटं आमिष, बांधला, जीव खाऊन फेकला, आणि तो पडला पाचसहा पावलांवर. परत फेकला, परत तिथेच. शेजारी एक काका गळ टाकून बसले होते, बराच वेळ गप्प बघत राहिले आणि मग शांतपणे म्हणाले, "अरे, त्या काठीवर काय लिहिलंय ते वाचलंस का?"

मी वाचलं नव्हतं. मुठीच्या जरा वर बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं असतं आणि आपण रंग बघतो, डिझाइन बघतो, तेवढं सोडून सगळं बघतो. माझ्या रॉडवर लिहिलं होतं ४० ते ८० ग्रॅम. म्हणजे तो रॉड एवढं वजन फेकण्यासाठी बनवलेला होता. बघा, आपण फेकतो तेव्हा खरं काम हाताचं नसतं, रॉड मागे नेला की टोकाच्या वजनाने तो वाकतो आणि पुढे आणताना सरळ होता होता ते वजन भिरकावतो, अगदी स्प्रिंगसारखा. ५ ग्रॅमनी तो वाकलाच नाही तर भिरकावणार काय? आणि उलटंही तितकंच खरं, हलक्या रॉडला जड शिसं बांधून जोरात फेकलंत तर टोक हातात, नाहीतर पाण्यात.

तर दुकानात पहिलं काम, ते लिखाण वाचायचं. त्यात लांबी असते, किती वजन फेकता येईल ते असतं, किती ताकदीची लाइन, म्हणजे गळाची दोरी, चालेल ते असतं. कधी ग्रॅममध्ये, कधी औंसमध्ये, पाव औंस म्हणजे साधारण ७ ग्रॅम एवढं लक्षात ठेवलंत तरी काम भागतं. पण हे वाचून उपयोग कधी, तर आपण कुठे उभं राहून काय फेकणार आहोत हे आधी ठाऊक असेल तेव्हा. म्हणून म्हणतो की दुकानात जायच्या आधी घरी बसून ते ठरवा. स्वप्नातला मासा नाही, नेहमी जिथे जाता तिथला नेहमीचा मासा.

लांबीचं गणित सोपं आहे. लांब रॉड लांब फेकतो, पण तोच रॉड मासा लागल्यावर तुमच्या मनगटाशी भांडतो, कारण शेवटी ती तरफ आहे आणि लांब बाजू माशाकडे आहे. तळ्याच्या, नदीच्या काठावरून सगळं थोडं थोडं करायचं असेल तर साडेसहा ते सात फूट, डोळे झाकून घ्या. झाडीतून वाट काढत छोट्या ओढ्यावर जाणार असाल तर साडेपाच फूट, नाहीतर अर्धा दिवस फांद्यांतून लाइन सोडवण्यात जातो. होडीतून गरवायचं असेल तर सहा-सातच्या आतबाहेर, तिथे लांब फेकायची गरजच नसते. आणि समुद्राच्या वाळूवर उभं राहून लाटांच्या पलीकडे टाकायचं असेल तर १० ते १४ फूट, तिथे लांबी नुसती फेकण्यासाठी नाही तर लाइन लाटांच्या वर धरून ठेवायलाही लागते.

आता येतो तो घोळ ज्यात मी मी म्हणणारे पण गडबडतात. पॉवर आणि ॲक्शन. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो, अल्ट्रालाइट, लाइट, मीडियम, हेवी वगैरे. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट असेल तर फक्त टोकाकडचा भाग वाकतो, मॉडरेट असेल तर मध्यापर्यंत, स्लो असेल तर जवळजवळ मुठीपर्यंत कमान होते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो, लाइट पण फास्ट असा रॉड असतो आणि हेवी पण मॉडरेट असाही असतो. आणि एकाचा मीडियम तो दुसऱ्याचा मीडियम असेलच असं नाही, त्याला काही सगळ्यांनी मिळून ठरवलेलं माप नाहीये, म्हणून मी त्या शब्दापेक्षा ग्रॅमच्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवतो.

ॲक्शनचा फरक प्रत्यक्षात कुठे पडतो? समजा तळाशी एक गळ लावलेलं जिग, म्हणजे डोक्याशी वजन असलेलं खोटं आमिष, टपटप उड्या मारत आणताय, माशाने नुसतं हुंगल्यासारखं केलं तरी हाताला कळायला हवं आणि कळल्याबरोबर झटका देऊन गळ रुतवायला हवा, तिथे फास्ट. पण तीन काट्यांचे बारीक गळ असलेलं प्लास्टिकचं मासुळं सरळ ओढत आणत असाल तर तोच फास्ट रॉड नडतो, मासा तोंड लावतो न लावतो तोच तुम्ही हिसका देता आणि गळ निसटतो. तिथे मॉडरेट, जरा ढिल्या स्वभावाचा. शिवाय हल्ली बरेच जण वेणीची लाइन, म्हणजे ब्रेडेड लाइन वापरतात, ती जवळजवळ ताणलीच जात नाही, मग मासा उसळला की तो धक्का झेलायला मऊ रॉडच उपयोगी पडतो. नवखा असाल आणि यातलं काही ठरत नसेल तर मीडियम पॉवर, मॉडरेट-फास्ट ॲक्शन घ्या आणि मोकळे व्हा.

मटेरियलकडे येऊ. फायबरग्लास आणि कार्बन, कार्बनलाच ग्राफाइटही म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासने बांबूची जागा घेतली आणि १९७०च्या दशकात कार्बनचे रॉड बाजारात आले. फायबरग्लास जड, थोडा मठ्ठ, पण सोशिक. पोरांच्या हातात द्या, दगडावर आपटू द्या, काही होत नाही. कार्बन हलका, माशाने श्वास घेतला तरी कळेल असा, पण मानी. त्याला एकदा शिशाचा टोला बसला की वरून काही दिसत नाही, आत बारीक चीर पडते आणि तीन आठवड्यांनी एका फालतू माशावर काडकन तुटतो, मग आपण कंपनीला शिव्या देतो. दोन्हीचं मिश्रण असलेले कंपोझिट रॉड मिळतात, कमी बजेटमध्ये मला तेच आवडतात. आणि ते आयएम सहा, आयएम सात, आयएम आठ असे आकडे लिहिलेले असतात ना, त्यावर फार जाऊ नका. ती मुळात एका कार्बन बनवणाऱ्या कंपनीची नावं आहेत, सगळ्यांचं ठरलेलं माप नाही, तेव्हा या ब्रँडचा आठ त्या ब्रँडच्या सातापेक्षा चांगलाच असं काही नसतं.

माझं विचाराल तर स्वस्त रॉड आणि चांगला रॉड यातला खरा फरक कड्यांमध्ये असतो. ज्यातून लाइन जाते त्या कड्या, गाइड म्हणतात त्यांना. खिशात कापसाचा बोळा ठेवा, दुकानदार हसला तर हसू दे, प्रत्येक कडीच्या आतून तो फिरवा. कुठे एक धागा जरी अडकला तरी तिथे ओरखडा किंवा चीर आहे आणि ती तुमची लाइन रोज थोडी थोडी कापणार आहे. टोकाची कडी तर नक्कीच बघा, सगळ्यात जास्त मार तिला. ब्रेडेड लाइन वापरणार असाल तर आत सिरॅमिकची रिंग असलेल्या कड्याच घ्या, साध्या मऊ धातूत ती लाइन खाच पाडते. मग संख्या मोजा, फुटाला एक आणि वर एक असा जुना हिशोब आहे, सात फुटाला आठ. कमी असतील तर वाकल्यावर लाइन रॉडला घासते. शेवटी रॉड बंदुकीसारखा डोळ्याला लावून सगळ्या कड्या एका रेषेत आहेत का ते बघा.

आणि छताला टोक टेकवून वाकवून बघू नका. बरेच जण करतात. रॉड असा वाकण्यासाठी बनवलेलाच नसतो, सोबत कोणी असेल तर लाइन ओवून त्याला हळू ओढायला सांगा.

स्वतःचं रीळ बरोबर न्या, हे सांगायचं राहिलंच. लावा, आणि रिळाच्या जरा पुढे एका बोटावर रॉड तोलून बघा. टोक धाडकन खाली जात असेल तर दुपारपर्यंत मनगट बोलायला लागेल. स्पिनिंग रीळ रॉडच्या खाली लटकतं आणि त्या रॉडची पहिली कडी मोठी असते, बेटकास्टिंग रीळ वर बसतं आणि त्या रॉडला बोटासाठी ट्रिगर असतो, एकाचं दुसऱ्यावर लावायचा जुगाड करू नका. नवख्याने स्पिनिंगच घ्यावं, दुसऱ्यात लाइनचा जो गुंता होतो ना तो सोडवताना माणूस अध्यात्माकडे वळतो. फ्लाय फिशिंगवाले रागावतील पण त्यांचं जग निराळं, तिथे आमिषाचं नाही तर लाइनचं वजन फेकतात, म्हणून रॉडला लाइनचा नंबर असतो आणि सुरुवातीला बहुतेकांना ९ फूट, ५ नंबर सांगतात. त्यावर पुन्हा कधीतरी.

बजेट. खिशात जे काही आहे त्याचे पाच वाटे करा, दोन रॉडला, दोन रिळाला आणि एक लाइन, गळ, शिसं, फिरकी यांना. हा माझा हिशोब आहे, शास्त्र नाही. पण सगळे पैसे रॉडमध्ये घालून जुनी वळलेली लाइन लावणारी माणसं मी पाहिलीत, मासा तिथूनच तुटून जातो. हात हलका असेल तर रॉड आणि रीळ एकत्र मिळणारा सेट घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त त्यातली फुकटची लाइन फेकून नवी भरा. थोडे जास्त असतील तर दोन तुकड्यांचा कंपोझिट किंवा साधा कार्बन. आणि भरपूर असतील तरी पहिल्या वर्षी महागडा घेऊ नका, तुम्हाला काय आवडतं हेच अजून तुम्हाला माहीत नसतं. टेलिस्कोपिक रॉड, जो एकात एक सरकून हातभर होतो, तो बॅगेत ठेवायला छान, पण सांध्यांत वाळू गेली की कुरकुरतो, आणि उघडताना झटका देऊन उघडायचा मोह आवरा.

वापरताना दोन गोष्टींची काळजी. मासा पायाशी आला की रॉड आभाळाकडे उभा करून ओढू नका, सगळा भार बारीक टोकावर जातो आणि बरेचसे रॉड तिथेच मोडतात. माझा दुसरा रॉड तर माशाने मोडलाच नाही, गाडीच्या दाराने मोडला. आणि विजेच्या तारांखाली कार्बनचा रॉड उभा करून चालायचं नाही म्हणजे नाही, त्यातून वीज वाहते, इथे मी चेष्टा करत नाहीये. खाऱ्या पाण्यातून आलात की गोड्या पाण्याने धुवा, सांध्याला थोडं मेण घासा.

मेण घासायचं विसरलात आणि दोन तुकडे एकमेकांत घट्ट बसले तर पक्कड लावू नका हो. खाली वाकून रॉड गुडघ्यांच्या मागून आडवा धरा, गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूने सांध्याच्या दोन्हीकडे हात घट्ट, आणि गुडघे हळूहळू फाकवा, हात आपोआप बाजूला जातात आणि सांधा फट्कन सुटतो. दिसायला फार वाईट दिसतं, कोणी बघत नाहीये ना ते आधी बघून घ्या.