दगडात नाव कोरणारा इंजिनिअर

श्रोतेहो, नमस्कार.

१८३७ साली मिसिसिपी नदीवर सेंट लुईसच्या परिसरात अमेरिकन लष्कराचे दोन इंजिनिअर पात्राची पाहणी करत होते. वरिष्ठ होते रॉबर्ट ली. त्यांच्या हाताखाली होता वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून नुकताच बाहेर पडलेला माँटगोमेरी मेग्ज. या जोडीची आठवण ठेवा, पुढे लागणार आहे.

वॉशिंग्टन शहराला पाणी आणायचं काम १८५३ मध्ये मेग्जकडे आलं. ते सोपवलं युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस यांनी. पोटोमॅक नदीचं पाणी आणताना केबिन जॉनचा ओढा आडवा आला. मेग्जनं त्यावर २२० फुटांची एकच दगडी कमान टाकली. पुढची चाळीसेक वर्षं जगात तेवढी लांब दगडी कमान दुसरी नव्हती.

त्याच काळात कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या इमारतीच्या, नव्या लोखंडी घुमटाचं कामही त्याच्याच देखरेखीखाली सुरू झालं. जुना लाकडी घुमट उतरवला, आणि त्याचंच लाकूड जाळून वाफेच्या इंजिनावर नवे सुटे भाग वर चढवले. ही काटकसर मला तर कमानीइतकीच आवडते!

माणूस हिशेबाला चोख, पण हट्टी आणि नावाचा भुकेला. कामावर आपलं नाव कोरून घेण्याची त्याला भारी हौस. नवे युद्धमंत्री फ्लॉइड मर्जीतल्यांना कंत्राटं देऊ लागले, तेव्हा मेग्ज अडून बसला. त्याची शिक्षा म्हणून १८६० मध्ये रवानगी झाली थेट फ्लोरिडाच्या टोकाच्या बेटांवर. काही महिन्यांतच फ्लॉइडनी राजीनामा दिला आणि मेग्ज परतला.

तेवढ्यात अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी युद्ध पेटलं. मेग्जचा जन्म दक्षिणेतल्या जॉर्जियाचा, पण तो उत्तरेकडेच राहिला. डेव्हिस दक्षिणेचे अध्यक्ष झाले, ली सेनापती. मेग्ज झाला उत्तरेच्या फौजांचा क्वार्टरमास्टर जनरल: गणवेश, तंबू, घोडे, गाड्या, सगळा पुरवठा त्याच्याकडे. उत्तर जिंकली त्यात या खात्याचा वाटा किती, हे लढायांच्या गोष्टी रंगवताना आपण विसरतो.

ज्यांनी काम दिलं त्या डेव्हिस यांचं नाव १८६२ मध्ये केबिन जॉनच्या पुलावरून छिन्नीनं खरवडलं गेलं. १८६४ मध्ये ली कुटुंबाच्या, वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टनमधल्या जमिनीवर सैनिकांची दफनभूमी करावी, अशी शिफारस खुद्द मेग्जनं केली, आणि घराच्या अगदी लगत कबरी खोदायला लावल्या. त्याच वर्षी त्याचा मुलगा युद्धात मारला गेला. १८९२ मध्ये मेग्जलाही तिथंच पुरलं.

डेव्हिस यांचं खरवडलेलं नाव मात्र १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या आदेशानं पुन्हा कोरण्यात आलं.