कर्झनचं ते कर्झनचं

मंडळी, आपल्या मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी मला विषय दिला होता ‘इंग्लंडमधल्या जुन्या वाड्यांची ओळख’. वाडा एकच सांगणार आहे, रागावू नका. मागच्या बँक हॉलिडेला आम्ही डर्बीजवळच्या केडलस्टन हॉलला गेलो आणि तिथून एक भांडण घरी घेऊन आलो. ते अजून मिटलेलं नाही.

केडलस्टन म्हणजे हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झालेल्या लॉर्ड कर्झनचं घर. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी ते पाहिलंय, म्हणजे कार पार्क पाहिलाय आणि हिरवळीवर बसून पोळीभाजी खाल्लीय. मीही आधी दोनदा एवढंच केलं होतं. या वेळी लेक म्हणाली, आत जाऊ या. चौदा वर्षांची मुलगी आपणहून आईबापांबरोबर कुठे जाऊ या म्हणाली की जायचं असतं.

आत गेल्यावर मी सुटलो. अलाबास्टरचे वीस खांब असलेल्या त्या दालनात उभं राहून मी तिला वंगभंग, म्हणजे कर्झनने केलेली बंगालची फाळणी, सांगितला. गोखल्यांसारख्या मवाळ माणसाने 1905 च्या बनारस काँग्रेसमध्ये कर्झनच्या कारभाराला औरंगजेबाची उपमा दिली, ते सांगितलं. खाडिलकरांनी 1907 साली कीचक उभा केला, प्रेक्षकांना त्यात कर्झन दिसला आणि 1910 साली सरकारने त्या ‘कीचकवध’ नाटकावर बंदी घातली, तेही सांगितलं. मग मी भीमाचा आवाज काढला. बायको म्हणाली, "हळू, लोक बघतायत."

बायकोचं लक्ष मात्र मोराच्या झग्यावर होतं. 1903 च्या दिल्ली दरबारात कर्झनच्या बायकोने, मेरीने, घातलेला. दिल्लीच्या कारागिरांनी जरीने भरलेली पिसं, आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात चमकणारा हिरवा ठिपका. तो ठिपका म्हणजे किड्याचा पंख. या मेरीचा बाप शिकागोचा बडा व्यापारी. कर्झनच्या घराण्याला नाव मोठं होतं, पैसा मेरीकडून आला. आपल्याकडेही अशी स्थळं जमतातच.

घराण्याचं ब्रीदवाक्य आहे, त्याचा मी केलेला मराठी अर्थ असा: कर्झनचं ते कर्झनकडेच राहो. माणूस त्या वाक्याबरहुकूम जगला. व्हाइसरॉय होऊन कलकत्त्याला गेला तर तिथलं सरकारी निवासस्थान याच केडलस्टनच्या धर्तीवर बांधलेलं! सात समुद्र ओलांडून माणूस पुन्हा आपल्याच घरी. हसू नका, आपणही लेस्टरला उतरलो की आधी पोह्यांचं दुकान शोधतो.

त्याला तीन मुली. आयरीन, सिंथिया आणि अलेक्झांड्रा. धाकटीला घरात ‘बाबा’ म्हणायचे, यावर लेक खूप हसली. 1906 साली मेरी गेली. तिच्या माहेरचा पैसा मुलींच्या नावे होता, आणि कर्झनची घरं त्यावर चालायची. आयरीन मोठी झाली, तिने आपला वाटा मागितला. बाप बिथरला. पुढे सिंथियाशीही तेच. बायकांना मताधिकार नको म्हणणाऱ्या संघटनेचा हा एके काळी अध्यक्ष, आणि हिशेब मागायला उभ्या राहिल्या त्या घरातल्याच पोरी. 1925 साली तो गेला. मुलगा नव्हता, म्हणून केडलस्टन पुतण्याकडे गेलं. सिंथिया 1929 साली मजूर पक्षाकडून स्टोकची खासदार झाली आणि 34 व्या वर्षी गेली. आयरीनला बापाकडून एक किताब मिळाला, पण ती बाई, म्हणून संसदेच्या वरच्या सभागृहात, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, जागा नाही. ती 1958 साली मिळाली, तेव्हा तिची साठी उलटली होती.

हे सगळं मी शेजारच्या चर्चमध्ये, कर्झन आणि मेरीच्या पांढऱ्याशुभ्र संगमरवरी पुतळ्यांपुढे, मोठ्या तावाने सांगत होतो. बघ कसा माणूस, पोटच्या पोरींचं ठेवून घेतलं! लेक म्हणाली, "बाबा, मग आपल्या आत्याचं काय?"

गाडीत मी म्हटलं, "तिचं घेतलं नाही, तिने दिलं."

"तिने आपणहून दिलं, की तू मागितलंस?"

वाईचं आमचं घर. 2011 साली वडील गेल्यावर हक्कसोडपत्र केलं. वकिलाने कागदांवर पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या. ताईने चष्मा पुसला, "कुठे कुठे रे?" म्हणाली आणि फुलीफुलीवर सही करत गेली. अंगठ्याची शाई रुमालाने निघेना, तर ती शाई तशीच घेऊन आम्ही मिसळ खाल्ली. मी तिला पैठणी घेतली. चांगली भारी घेतली, पदरावर मोर. हे मी लेकीला गाडीत बाजू मांडताना सांगितलं. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती.

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलाइतका हक्क 2005 च्या कायद्याने मिळाला, हे इथे सगळ्यांना पाठ आहे. तेव्हापासून आपल्याला फुल्या जास्त माराव्या लागतात, इतकंच. या हॉलमध्ये किती जणांचं घर गावाला कुलूपबंद आहे? हात भराभर वर आले. आणि किती जणांच्या बहिणींनी सही केलीय? राहू दे, खाली ठेवा, बायका बघतायत. आपल्या कमिटीतही कर्झनचं ते कर्झनचंच असतं. खजिनदारांचं यंदा अकरावं वर्ष, त्यांनी उगाच हसू नये.

माझंच सांगतो. अकरा महिने कुलूप, एक महिना मी. तेही डास चावतात म्हणून चार दिवस, आणि मग पुण्यात हॉटेल. पोरीला उद्या ते घर हवं असेल का, माहीत नाही. तिला द्यायला ते माझं आहे का, हे तिनेच विचारून ठेवलंय.

गेल्या रविवारी ताईला फोन लावला. लेक शेजारी बसून. मी आडून आडून विषय काढला, घराचं काय करायचं वगैरे. ताई म्हणाली, "अरे, तुझं आहे, तू बघ." मग थोडं थांबून, "माडीवरच्या मधल्या खिडकीची कडी बसत नव्हती. पावसाआधी बसवून घेतलीस ना? नाहीतर आईच्या ट्रंकेवर ओल येते."

लेक माझ्याकडे बघत होती. माडीवर खिडक्या किती, तेच मला आठवेना.