गाडीच्या कागदावरचे आकडे वाचताना

मंडळी, इलेक्ट्रिक गाडी घ्यायची म्हटलं की शोरूममध्ये सगळे पहिला प्रश्न विचारतात तो रेंजचा: एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर? गोव्यात राहणाऱ्यांनी हा प्रश्न तिसरा-चौथा ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. आपल्या राज्याची उत्तर-दक्षिण लांबी सुमारे 105 किलोमीटर. फोंड्याहून पणजीला रोज नोकरीला जाणारा माणूस येऊन-जाऊन साठेक किलोमीटर चालवतो. त्याच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते घरचं चार्जिंग.

त्यासाठी दोन एककं वेगळी ओळखा. किलोवॅट-अवर म्हणजे आपल्या वीजबिलातलं युनिट. बॅटरीत वीज किती मावते, ते त्यावरून कळतं. नुसतं किलोवॅट म्हणजे वीज किती वेगाने भरते किंवा खर्च होते, ते. बॅटरी 30 युनिटची आणि घरचा 15 अँपिअरचा पॉइंट 3.3 किलोवॅटचा असेल, तर रिकामी बॅटरी भरायला नऊ-दहा तास. 7.2 किलोवॅटचा चार्जर बसवला तर साडेचारच्या आसपास. पण बॅटरी रोज रिकामी होतेच कुठे? लहान गाडी एका युनिटमध्ये सात-आठ किलोमीटर जाते. फोंडा-पणजी-फोंडा झालं की आठ-नऊ युनिट, म्हणजे साध्या पॉइंटवर तीन तासांच्या आत काम. मात्र त्या पॉइंटचं अर्थिंग तपासून घ्या आणि घराचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती किलोवॅट वीज ओढायला मंजुरी आहे, तेही बघा. जुन्या घरांत इथेच अडतं, आणि ते गाडी दारात आल्यावर कळलं तर फार मनस्ताप होतो.

आता रेंज. कागदावरची रेंज प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरावीक वेगाने गाडी फिरवून काढलेली असते. 2020 साली आलेल्या टाटाच्या पहिल्या नेक्सॉन ईव्ही या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी 30.2 युनिटची आणि प्रमाणित रेंज 312 किलोमीटर. हिशेब करा, युनिटला दहा किलोमीटरहून जास्त. एसी लावून, चढ-उतारांवर दोन-सव्वादोनशे धरून चला.

सर्वांत जास्त गोंधळ हायब्रीडचा, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीचा. माइल्ड हायब्रीडमध्ये छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते, पण ती एकटी गाडी ओढत नाही. मारुतीच्या एर्टिगावर ‘स्मार्ट हायब्रीड’ लिहिलेलं असतं, ते हेच. स्ट्राँग हायब्रीड गाडी कमी वेगात फक्त मोटरवर चालते. ग्रँड विटारा, हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस यांच्या स्ट्राँग हायब्रीड आवृत्त्या या जातीच्या. त्यांना चार्जिंगची वायर लागत नाही. वीज इंजिनातून आणि ब्रेकमधून येते. ग्रँड विटाराची बॅटरी तर पाऊण युनिटच्या आसपासचीच. प्लग-इन हायब्रीड भिंतीवरून चार्ज होते, पण ती आपल्याकडे क्वचितच दिसते. माझं सांगणं एवढंच: विक्रेता नुसतं ‘हायब्रीड’ म्हणाला तर विचारा, ‘इंजिन बंद ठेवून गाडी चालते का?’

बॅटरीच्या आकाराचा फरक चोर्ला घाटात दिसतो. बेळगावहून केरीकडे उतरताना पाय उचलला की मोटर जनरेटर होते, गाडी मंदावते आणि बॅटरीत वीज परत जाते. हे रिजनरेशन. हायब्रीडची इवली बॅटरी उताराला लवकर भरते आणि मग इंजिनाचा अवरोध व ब्रेक यांवरच भिस्त. इलेक्ट्रिक गाडीत जागा भरपूर. पण घाटमाथ्यावर तीही शंभर टक्के भरलेली असेल तर वीज घेणार कुठे? म्हणून वर थोडी रिकामी ठेवा.

फास्ट चार्जरबद्दल थोडक्यात. चार्जर 60 किलोवॅटचा असला तरी तुमची गाडी जेवढं घेऊ शकते तेवढंच घेते, आणि बॅटरी ऐंशी टक्के भरल्यावर चार्जिंगचा वेग उतरतो.

आपल्याकडचा पाऊस लक्षात घेता आयपी 67 या धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाच्या मानांकनाबद्दल सांगायलाच हवं. बॅटरीत धूळ जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवली तरी घातक प्रमाणात पाणी शिरत नाही, एवढीच ती चाचणी. पुराच्या पाण्यात गाडी घालण्याचा तो परवाना नव्हे. खाडीच्या खाऱ्या पाण्यात तर मुळीच घालू नका. कधी बुडालीच तर चार्जिंगला न लावता आधी तपासून घ्या.

आणि वॉरंटी. बॅटरीसाठी 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर असा आकडा बऱ्याच गाड्यांवर दिसेल. क्षमता किती टक्क्यांखाली उतरली की बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून मिळेल, ते वाक्य वॉरंटीच्या पुस्तिकेत स्वतः शोधा आणि सही करण्याआधी विक्रेत्याला वाचून दाखवायला सांगा.