नंबर वाचून दाखवा

श्रोतेहो, नमस्कार.

निवडणूक लागली की आमच्या दुकानात गर्दी व्हायची. आमच्या म्हणतोय खरं, पण मालक दुसरे. मी फौजेतून आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, म्हणून निवृत्त झालो आणि साताऱ्यातल्या एका बंदुकीच्या दुकानात नऊ वर्षं दुरुस्तीला बसलो. आचारसंहिता आली की हत्यारं जमा करायचा हुकूम निघतो. कुणी पोलीस ठाण्यात देतं, कुणी परवाना असलेल्या दुकानदाराकडं. अशाच एका सकाळी पाटणकडचे एक आजोबा गोणपाटात गुंडाळलेली दोननळी बाराबोर घेऊन आले. वडिलांपासूनची बंदूक. मालकांनी चष्मा पुसला आणि नेहमीचं वाक्य टाकलं, "आबा, नंबर वाचून दाखवा."

आबांनी बंदूक उलटीपालटी केली. ट्रिगरभोवतीच्या कडीच्या, म्हणजे ट्रिगर गार्डच्या पट्टीवर जिथं नंबर असायचा, तिथं नुसता आरसा. खंडेनवमीच्या पूजेला नातवानं पॉलिश पेपर मारून बंदूक लख्ख केली होती. कौतुकानं केलं पोरानं. पण मालकांनी ती तापल्या तव्यासारखी टेबलावर ठेवली.

त्याला कारण होतं. 1959 च्या शस्त्र कायद्यातलं आठवं कलम सांगतं की, बनवणाऱ्याचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण नसलेलं हत्यार विकायचं नाही, कुणाच्या हवाली करायचं नाही. पुढची ओळ आणखी कडक. खूण पुसलेली बंदूक ज्याच्याकडं सापडेल, त्यानंच ती पुसली असं कायदा धरून चालतो. आपण पुसली नाही, हे दाखवायचं काम त्याचं. आबांच्या कपाळावर घाम आला. त्यांचं पुढं काय झालं ते सांगतो, पण मधे थोडं दुकानाबद्दल.

लोकांना वाटतं, बंदुकीच्या दुकानात बंदुका महत्त्वाच्या. महत्त्वाची असते ती वही. कुठलं हत्यार कधी आलं, कुणाकडून आलं, कुणाला गेलं, त्याचा परवाना कुठला, सगळं तिच्यात. विकलं की गिऱ्हाइकाच्या परवान्यावरही नोंद करायची. काडतुसांचं तसंच. एका वेळी किती जवळ ठेवायची आणि वर्षात किती घ्यायची, ते परवान्यावर लिहिलेलं असतं. जास्तीचं एक मागितलं तरी मिळत नाही. दंडाधिकारी किंवा पोलीस निरीक्षक कधीही येऊन वही आणि माल ताडून बघू शकतो. एक काडतूस कमी भरलं तर त्या रात्री मालकांना झोप नाही. आणि ती भीती रास्तच. विनापरवाना हत्यार बनवलं किंवा विकलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. त्याच दुरुस्तीनं एका माणसाला ठेवता येणाऱ्या हत्यारांची मर्यादा तीनावरून दोनावर आणली. लग्नात हौसेनं बेफिकीर बार काढणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्याकडच्या वरातींनी हे जरा कान देऊन ऐकावं.

आता नव्या पिस्तुलांचं. तरुण पोरं मला मोबाईलवर चित्रं दाखवून विचारतात, काका, हे मिळेल का? बहुतेक वेळा उत्तर नाही, कारण ते 9 मिलिमीटरचं असतं आणि तो बोर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, सामान्य नागरिकाला बंद आहे. आपल्याला पॉइंट बत्तीस, पॉइंट बावीस. त्यातही नवं येतंय. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं जुनं पॉइंट बत्तीस रिव्हॉल्व्हर मधून मोडून उघडायचं, वेब्ली या इंग्रजी कंपनीच्या जुन्या धर्तीवर. 2014 मध्ये आलेलं 'निर्भीक' टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, अर्धा किलो वजनाचं, बायकांच्या पर्समध्ये मावेल असं सांगून काढलेलं. किंमत मात्र लाखाच्या वर. पर्समध्ये एवढं वजन आणि एवढी जबाबदारी घेऊन फिरण्यापेक्षा शिट्टी बरी, असं माझी बायको म्हणाली होती. 2023 मध्ये कानपूरहूनच 'प्रबळ' आलं. त्याची चक्री बाजूला सरकते, भरताना बंदूक मोडावी लागत नाही. कारागीर म्हणून मला ते आवडलं. मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची कडी झिजली की सगळं अंग खुळखुळतं, हे मी किती वेळा बघितलंय.

पण खरा पेच बाहेरच्या देशांत झालाय, आणि तो पुन्हा नंबराचाच. 1982 मध्ये ऑस्ट्रियाच्या फौजेनं ग्लॉक कंपनीचं पिस्तूल घेतलं. त्याचा सांगाडा प्लॅस्टिकचा. मग त्या सांगाड्यात पोलादाची छोटी पट्टी बसवून तिच्यावर नंबर मारला. पुढं सिग कंपनीचं पी 320 आलं. त्याची मूठ बदला, नळी बदला, वरची मागंपुढं सरकणारी स्लाइड बदला; आत ट्रिगरच्या यंत्रणेचा छोटा संच असतो, कायद्याचा नंबर त्याच्यावर. म्हणजे कायद्याच्या लेखी बंदूक ती तेवढीच, बाकी सगळे कपडे. आणि ज्याच्यावर नंबरच नाही असे अर्धवट सुटे भाग विकत घेऊन घरी जुळवायचे, असा धंदा अमेरिकेत वाढला. कुठल्याही दुकानदाराच्या वहीत त्याची नोंद नाही. 2022 मध्ये तिथल्या सरकारनं नियम केला: असा संच विकणाऱ्यालाही परवाना, संचाला नंबर, गिऱ्हाइकाची चौकशी. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. मार्च 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 7 विरुद्ध 2 मतांनी नियम ठेवला. बातमी ऐकली तेव्हा मला पाटणचे आबाच आठवले.

तर आबा. मालक म्हणाले, पोलिसांना कळवावं लागेल. मी म्हटलं, जरा थांबा. बंदूक मोडून रिकामी आहे का बघितली, पुढचं लाकूड काढलं, नळ्या वेगळ्या केल्या. चांगल्या कारखान्याची दोननळी असेल तर नळ्यांच्या बुडाशी, खालच्या सपाट भागावरही नंबर मारलेला असतो. तिथं चाळीस वर्षांचं तेल चिकटून काळं झालं होतं. केरोसीनमध्ये भिजवलेली चिंधी फिरवली, बॅटरी तिरकी धरली. नातवाचा पॉलिश पेपर इथवर पोचला नव्हता. एकेक आकडा वर आला.

आबांना अक्षर लागत नव्हतं, म्हणून मीच वाचला. मालकांनी परवान्यावर बोट ठेवून एकेक आकडा ताडला, शेवटचा पाच जुळल्यावर एकदा माझ्याकडं बघितलं आणि वहीचं नवं पान उघडलं.